सिरॅमिक कंपोझिटचा पृष्ठभाग गुळगुळीत कसा होतो? फिनिशचं गणित ग्राइंडरच्या आधीच सुटतं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फाउंड्रीत जाऊन विचारा, कास्टिंगचा पृष्ठभाग खरखरीत का आला? जुना माणूस ग्राइंडिंगवाल्याकडे बोट दाखवणार नाही. तो म्हणेल, वाळूचा दाणा जाड होता, कोअरवर वॉश नीट बसला नाही, नाहीतर साचा घट्ट दाबला गेला नव्हता. म्हणजे पृष्ठभाग कसा येणार हे धातू ओतायच्या आधीच ठरलेलं असतं. फेटलिंगमध्ये जे होतं ती डागडुजी असते.

विमानाच्या इंजिनात आता जे सिरॅमिक कंपोझिटचे भाग बसू लागले आहेत, त्यांना हाच नियम जास्त कडकपणे लागू होतो. लोखंडाच्या भागावर दोन मिलिमीटर जादा ठेवून मशीनवर काढून टाकता येतात. इथे पाव मिलिमीटर जास्त काढला तर भाग भंगारात जाऊ शकतो, आणि तो भाग तयार व्हायला कित्येक आठवडे भट्टीत गेलेले असतात. म्हणून या भागांचा पृष्ठभाग कसा सुधारतात, कुठल्या टप्प्यावर काय करायचं आणि काय टाळायचं, हे आज सविस्तर समजून घेऊ. मशीनिंगच्या धंद्यातल्या वाचकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. डिप्लोमा-आयटीआय करणाऱ्या मुलांना मात्र पुढे उपयोगी पडेल असं यात बरंच काही आहे.

सीएमसी म्हणजे नेमकं काय?

सिरॅमिक मॅट्रिक्स कंपोझिट, थोडक्यात सीएमसी. साधं सिरॅमिक म्हणजे आपली चिनी मातीची बशी. उष्णता सोसते, झिजत नाही, पण एक तडा गेला की संपलं. जुन्या मातीच्या भिंतीत आपले लोक भाताचा पेंढा किंवा तूस का मिसळत होते? भिंतीला तडा गेला तरी पेंढ्याच्या काड्या दोन्ही बाजू धरून ठेवतात. सीएमसीमध्ये पेंढ्याच्या जागी सिलिकॉन कार्बाइडचे बारीक तंतू असतात, आणि मातीच्या जागीही सिलिकॉन कार्बाइडच.

हे तंतू साधारण १० ते १५ मायक्रॉन जाडीचे. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन धरला, तर त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे. असे सुमारे ५०० तंतू एकत्र आणून एक पेड तयार होतो, पेडांचं कापड विणतात किंवा सरळ पट्टी बनवतात. प्रत्येक तंतूवर बोरॉन नायट्राइडचा अगदी पातळ, मायक्रॉनच्या आतबाहेरचा थर असतो. हा थर मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. तडा तंतूपर्यंत आला की या थरातून बाजूला वळतो आणि तंतू शाबूत राहतो. सीएमसीची सगळी करामत या थरात आहे. पुढे ग्राइंडिंगची गोष्ट येईल तेव्हा हा थर लक्षात ठेवा.

कापडाचे थर एकावर एक रचून मधल्या पोकळ्या भरायच्या तीन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वायू सोडून तंतूंवर सिलिकॉन कार्बाइडचा थर चढवत नेतात. याला शेकडो तास लागतात आणि तरी १०-१५ टक्के पोकळी राहते. दुसरीत पातळ पॉलिमर मुरवून भाजायचा, पुन्हा मुरवायचा, पुन्हा भाजायचा, अशा अनेक फेऱ्या. तिसरीत कार्बन असलेल्या सच्छिद्र भागात वितळलेलं सिलिकॉन मुरवतात. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं, आत शिरून कार्बनशी संयोग पावतं आणि तिथेच सिलिकॉन कार्बाइड तयार होतं. प्रत्यक्ष कारखान्यात या पद्धती एकत्रही वापरतात.

हे सगळं कशासाठी? निकेलच्या मिश्रधातूच्या तुलनेत वजन साधारण एक तृतीयांश, आणि १३०० अंशांच्या आसपास टिकण्याची ताकद. भाग जास्त उष्णता सोसत असेल तर त्याला थंड करायला लागणारी हवा वाचते आणि इंधनही वाचतं. २०१६ साली प्रवासी सेवेत आलेल्या सीएफएम कंपनीच्या लीप इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचे श्राउड सीएमसीचे आहेत. आपल्याकडे ए-३२० निओ किंवा बोइंग ७३७ मॅक्स जातीच्या विमानांतून प्रवास करणाऱ्या अनेकांनी नकळत या सिरॅमिकच्या भरवशावर प्रवास केलेला आहे. जीईच्या मोठ्या जीई-९एक्स इंजिनात तर ज्वलनकक्षाचे आतले-बाहेरचे लायनर, टर्बाइनच्या दोन टप्प्यांचे नोझल आणि श्राउड इतक्या ठिकाणी सीएमसी आहे.

पृष्ठभागाला एवढं महत्त्व कशाला?

कारणं तीन आहेत.

पहिलं, हवेचा प्रवाह. गरम वायू ज्या पृष्ठभागावरून वाहतो तो खडबडीत असेल तर प्रवाह ढवळतो, घर्षण वाढतं आणि भागात उष्णताही जास्त शिरते. उष्णता कमी सोसावी लागावी म्हणून केलेली मेहनत तिथेच वाया जाते.

दुसरं, बसवणूक. श्राउड धातूच्या चौकटीत बसतो, कडेला सील बसतात. कापडाच्या वीणेचे उंचवटे तसेच राहिले तर टेकणारा भाग सपाट बसत नाही. सगळा भार दोन-चार टोकांवर येतो आणि सिरॅमिकला टोकावरचा भार सोसत नाही.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. सीएमसीवर एक संरक्षक लेप द्यावा लागतो. इंधन जळताना वाफ तयार होते. इतक्या तापमानाला ही वाफ सिलिकॉन कार्बाइडवर तयार होणाऱ्या सिलिकाच्या थराशी संयोग पावून त्याचा वायू करते आणि भाग हळूहळू झिजत जातो. म्हणून आधी सिलिकॉनचा थर आणि त्यावर इटर्बियम डायसिलिकेटसारख्या पदार्थाचा थर, असा लेप बहुधा प्लाझ्मा स्प्रेने देतात. एकूण जाडी पाव मिलिमीटरच्या आतबाहेर. आता विचार करा, खालचा पृष्ठभागच ०.१ मिलिमीटर वर-खाली असेल तर लेप उंचवट्यावर पातळ आणि खळग्यात जाड बसणार. पातळ जागी वाफ लवकर आत शिरते, जाड जागी तापमान वर-खाली होताना तडे जातात. लेप गेला की आतल्या भागाचे दिवस भरले.

पण इथे एक गंमत आहे. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असेल तर प्लाझ्मा स्प्रेचा लेप धरत नाही. गिलावा धरण्यासाठी भिंतीला टाके मारतात तसं. म्हणून मोठा चढ-उतार नको, पण बारीक खरखर हवी. ‘चांगला फिनिश’ म्हणजे ‘जास्त चकचकीत’ असं समीकरण इथे चालत नाही. कुठल्या जागेला कसा पृष्ठभाग हवा हे ड्रॉइंगवर वेगवेगळं ठरवावं लागतं.

खडबडीतपणा येतो कुठून?

चार ठिकाणांहून. कापडाच्या वीणेमुळे पेड वर-खाली होतात, त्या लाटा पृष्ठभागावर उमटतात. भट्टीत भाग धरून ठेवणाऱ्या साच्याचे ठसे उमटतात. मुरवलेलं सिलिकॉन जास्त झालं तर बाहेर येऊन त्याचे थेंब गोठतात. आणि शेवटी ग्राइंडिंग करताना तंतू उपटले जातात, कडा उडतात. यातली पहिली तीन कारणं मशीन शॉपच्या दारात भाग येण्याआधीची आहेत. म्हणून उपायही त्याच क्रमाने बघू.

पहिला उपाय: वीण आणि वरचा थर

शहापूर-वडगावच्या किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना हे सांगायची गरज नाही. साध्या वीणेत प्रत्येक धागा एकावरून, एकाखालून जातो. ताणा-बाणा जिथे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे उंचवटा येतो. साटीन वीणेत, उदाहरणार्थ पाचाच्या साटीनमध्ये, धागा चारांवरून आणि एकाखालून जातो. ओलांडण्याच्या जागा कमी, म्हणून कापड जास्त सपाट. शिवाय ते वळणदार साच्यावर सुरकुती न पडता बसतं. सीएमसीमध्ये साटीन कापड आवडीचं आहे ते यामुळेच.

त्याहून सपाट हवं असेल तर कापडाऐवजी सगळे तंतू एका दिशेने असलेल्या पट्ट्या वापरतात. लीपच्या श्राउडमध्ये याच प्रकारच्या पट्ट्या रचलेल्या असतात. ताणा-बाणा नसल्यामुळे वीणेची लाट मुळातच येत नाही. कापडच वापरायचं असेल तर निदान सगळ्यात वरचा थर बारीक पेडाचा आणि पातळ घ्यायचा. आतले थर जाड चालतात, कारण डोळ्याला आणि हवेला वरचाच थर दिसतो. काही ठिकाणी अगदी वर आखूड तंतूंची जाळी अंथरतात, ती खळगे थोडे भरून काढते.

रचताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पेड चपटा पसरला तर दोन पेडांमधली फट कमी होते. सुकताना तो गोळा झाला तर फट वाढते आणि तिथे खळगा येतो. म्हणून थर दाबताना दाब सगळीकडे सारखा लागतो की नाही हे बघणं फार महत्त्वाचं.

दुसरा उपाय: साचा

वायूच्या पद्धतीत कापडाचे थर ग्रॅफाइटच्या साच्यात दाबून भट्टीत ठेवतात. वायू आत शिरायला साच्याला भोकं लागतात. दाबामुळे कापड त्या भोकांत थोडं फुगतं आणि भट्टीतून बाहेर आल्यावर भागावर ओळीने टेंगळं दिसतात. जाळीवर वाळत घातलेल्या पापडावर जाळी उमटते तसा हा प्रकार.

यावर उपाय म्हणजे भोकं लहान आणि जवळजवळ करणं, किंवा साचा आणि कापडाच्या मध्ये वायू जाऊ देणारा पातळ थर घालणं, म्हणजे दाब पसरतो. आणखी एक मार्ग आहे. साच्यात भागाला उभं राहण्यापुरता कडकपणा येईपर्यंतच ठेवायचं, मग साचा काढून उरलेली भट्टी साच्याविना करायची. टेंगळं राहिली असतील तर या मधल्या टप्प्यावर, भाग अजून पूर्ण कडक झालेला नसताना, हलक्या हाताने काढता येतात. मात्र तंतू कापला जाणार नाही एवढंच काढायचं.

तिसरा उपाय: पुट्टी

विटांच्या भिंतीवर रंग देण्याआधी आपण काय करतो? गिलावा आणि पुट्टी. सीएमसीतही हेच करतात आणि पृष्ठभाग सुधारण्याचा हा सगळ्यात कामाचा उपाय आहे. सिलिकॉन कार्बाइडची पूड, थोडा कार्बन किंवा कार्बन देणारं रेझिन, बांधून ठेवणारा पदार्थ आणि द्रव, यांचं घोल करून भागाच्या वरच्या बाजूला लावतात. सुकवतात, भाजतात, आणि मग भागाबरोबरच त्या थरातही वितळलेलं सिलिकॉन मुरवतात. तयार झाल्यावर वीणेच्या वर तंतू नसलेला, एकजिनसी कातडीसारखा थर मिळतो.

पण पुट्टी लावणाऱ्याचा हात इथेही लागतो. पूड एकाच आकाराची असेल तर दाण्यांमध्ये पोकळ्या राहतात. मोठे दाणे आणि त्यांच्या फटीत बसणारे बारीक दाणे असं मिश्रण घेतलं तर थर भरगच्च बसतो. काँक्रीटमध्ये खडी आणि वाळू दोन्ही का लागतात त्याचंच हे छोटं रूप. घोल पातळ असेल तर सुकताना आकसतं आणि उन्हाळ्यात तळ्याचा गाळ जसा भेगाळतो तसा थर भेगाळतो. म्हणून घोलात घन भाग जास्तीत जास्त ठेवायचा, आणि एकदम जाड थर न लावता दोन-तीन पातळ हात द्यायचे. प्रत्येक हात सावकाश सुकवायचा. घाई केली की बाहेरची कातडी आधी सुकते, आतला द्रव अडकतो आणि फोड येतात.

जाड थराचा आणखी एक तोटा आहे. या थरात तंतू नाहीत, म्हणजे तो पुन्हा चिनी मातीच्या बशीसारखाच ठिसूळ. तो भार उचलत नाही, फक्त जाडी वाढवतो. त्यामुळे खळगे भरतील आणि वर थोडी मशीनिंगची जागा राहील एवढाच ठेवायचा.

चौथा उपाय: सिलिकॉनचं माप

पाणी गोठलं की बर्फ फुगतो हे सगळ्यांना माहीत आहे. सिलिकॉनही तसंच आहे. गोठताना ते साधारण १० टक्के फुगतं. भाग सिलिकॉनने गच्च भरलेला असेल आणि भट्टी थंड होऊ लागली, तर फुगलेल्या सिलिकॉनला जायला जागा नसते. ते पृष्ठभागातून मण्यांसारखं बाहेर येतं आणि तिथेच गोठतं. हे मणी मागाहून घासून काढायचे म्हणजे वेळ जातो, आणि मण्याबरोबर खालचा थर उडण्याची भीतीही असते.

म्हणून भागातली पोकळी मोजून तेवढंच सिलिकॉन द्यावं लागतं. कमी दिलं तर आत कोरड्या जागा राहतात, जास्त दिलं तर मणी येतात. जिथे सिलिकॉन चिकटायला नको तिथे बोरॉन नायट्राइडचा लेप लावून ठेवतात. सिलिकॉन भागात कुठून शिरावं आणि जादाचं कुठून बाहेर पडावं हेही ठरवता येतं. मग मणी आलेच तर ज्या बाजूला फिनिशची गरज नाही त्या बाजूला येतात. फाउंड्रीतल्या लोकांना यात रनर-रायझरचाच विचार दिसेल.

एक छोटा हिशोब

हे सगळं कशाला, शेवटी हिऱ्याच्या व्हीलने सपाट करून टाकू, असं कोणी म्हणेल. उदाहरण घेऊन बघू.

समजा भाग ८ थरांचा आहे, प्रत्येक थर ०.२५ मिलिमीटर, म्हणजे एकूण जाडी २ मिलिमीटर. वीणेचा उंचवटा ते खळगा फरक ०.१ मिलिमीटर. सरळ ग्राइंडिंग करून खळग्याच्या पातळीपर्यंत सपाट केलं, तर उंचवट्याच्या जागी वरच्या थराची जाडी ०.२५ वरून ०.१५ वर येते. म्हणजे त्या जागी ४० टक्के थर गेला आणि तिथल्या पेडांतले तंतू कापले गेले. भाग वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावरच येतो. म्हणजे जिथे ताकद हवी तिथलीच आपण काढून टाकली.

आता तोच भाग पुट्टीसह घ्या. उंचवट्याच्या वर ०.१५ मिलिमीटर थर बसेल एवढी पुट्टी लावली. खळग्यात ती ०.२५ होईल. मग ०.१ मिलिमीटर ग्राइंडिंग केलं. उंचवट्यावर अजून ०.०५ मिलिमीटर कातडी शिल्लक राहिली आणि एकही तंतू कापला गेला नाही. ग्राइंडिंग दोन्हीकडे सारखंच, ०.१ मिलिमीटर. फरक फक्त व्हीलखाली काय आलं याचा.

यात आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक भागाचे वेगळे असतील. पण हिशोबाची रीत हीच.

ग्राइंडिंग करताना

कितीही काळजी घेतली तरी बसवणुकीच्या जागा, कडा, खाचा आणि भोकं मशीनवर करावीच लागतात. सिलिकॉन कार्बाइड इतकं कठीण आहे की साध्या कार्बाइड टूलची धार बघता बघता जाते. हिऱ्याला पर्याय नाही.

नियम साधे आहेत, पाळायला कठीण. एका फेरीत कमी खोली घ्यायची. आधी जाड दाण्याच्या व्हीलने, उदाहरणार्थ डी-१२६, आणि शेवटी बारीक दाण्याच्या, डी-४६ किंवा त्याहून बारीक व्हीलने. व्हीलचा वेग वाढवला आणि फीड कमी ठेवला की प्रत्येक हिऱ्याच्या दाण्याला कापायला कमी माल येतो, म्हणून तडे कमी जातात. व्हील बोथट झालं की ते कापायच्या ऐवजी घासतं, जोर वाढतो आणि तंतू उपटले जातात. ड्रेसिंग वेळच्या वेळी करायचं. आवाज बदलेपर्यंत थांबायचं नाही.

तंतूंची दिशाही बघावी लागते. तंतूचं टोक व्हीलसमोर असेल तर तो तिथल्या तिथे तुटतो. तंतू पृष्ठभागावर आडवा पडलेला असेल तर तो लांबच्या लांब सुटून निघू शकतो आणि मागे चर राहतो. एकाच भागात दोन्ही दिशा असतात, म्हणून फिनिश सगळीकडे सारखा येत नाही. ग्राइंडिंगची दिशा ठरवताना आधी एका तुकड्यावर करून बघणं शहाणपणाचं. कडेवरून टूल बाहेर पडतं तिथे कपचे उडतात. त्या कडेला टेकू म्हणून दुसऱ्या मालाचा तुकडा लावून ठेवतात.

अल्ट्रासोनिक पद्धतीत टूल फिरता फिरता सेकंदाला सुमारे २० हजार वेळा काही मायक्रॉनने कंप पावतं. त्यामुळे जोर कमी लागतो, कडा कमी उडतात. बारीक भोकांसाठी अतिशय आखूड झोताचा लेझर वापरतात. झोत लांबला तर कडेला वितळून गोठलेला थर राहतो, तो मागाहून काढावा लागतो. वितळलेलं सिलिकॉन मुरवलेला माल थोडीफार वीज वाहतो, त्यामुळे काही कामांत ईडीएमही चालतं.

कूलंटबद्दल एक सूचना. वायूच्या पद्धतीने केलेल्या भागात पोकळ्या असतात, त्या कूलंट पितात. तेलकट कूलंट आत राहिलं आणि भाग तसाच भट्टीत गेला तर आत कार्बन उरतो आणि वरचा लेप धरत नाही. म्हणून काय वापरलं, किती वेळ धुतलं आणि किती तापमानाला सुकवलं याची नोंद भागाबरोबर गेली पाहिजे.

कापलेली जागा उघडी ठेवायची नाही

आता तो बोरॉन नायट्राइडचा थर आठवा. ग्राइंडिंगमध्ये तंतू कापला गेला की त्याच्याभोवतीचा हा थर उघडा पडतो. गरम हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होऊन बोरॉनचा काचेसारखा ऑक्साइड होतो आणि वाफ असेल तर तोही उडून जातो. तंतूभोवती बारीक नळी तयार होते, त्यातून हवा आत शिरते आणि भाग आतून ठिसूळ होत जातो. बाहेरून पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, आरए उत्तम येतो, आणि आत कीड लागलेली असते.

म्हणून ज्या जागी तंतू कापले गेले, तिथे वायूच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर पुन्हा चढवून ती जागा बंद करतात, मग वर संरक्षक लेप. क्रम महत्त्वाचा आहे: आधी सगळं मशीनिंग, मग धुणं-सुकवणं, मग झाकणारा थर, मग लेप. लेपानंतर ड्रिलिंग करावंच लागलं तर त्या भोकाच्या भिंतीचं काय, हा प्रश्न डिझायनरला आधी विचारायचा.

प्लाझ्मा स्प्रेने दिलेला लेप स्वतःही खरखरीत असतो. हवेच्या बाजूला गुळगुळीतपणा हवा असेल तर तो लेपावर, हिऱ्याच्या पॅडने किंवा बारीक माध्यमात घोळवून आणतात. त्यासाठी लेप देतानाच थोडी जादा जाडी धरतात. खालच्या तंतूंना हात न लावता फिनिश मिळवायची ही शेवटची संधी.

मोजताना होणारी फसगत

आपल्या बहुतेक शॉपमध्ये खिशात मावणारा रफनेस टेस्टर असतो. ०.८ मिलिमीटर कट-ऑफ लावलेला, टोक ४ मिलिमीटर फिरतं आणि आरएचा आकडा येतो. धातूच्या ग्राइंडिंगला हे ठीक. पण कापडाच्या वीणेची एक पूर्ण लाट पाच-सहा मिलिमीटर लांब असू शकते. ०.८ च्या कट-ऑफने ती लाट गाळली जाते आणि टेस्टर फक्त मधली बारीक खरखर दाखवतो. मघाच्या उदाहरणातली ०.१ मिलिमीटर उंचीची लाट नियमित धरली, तर तिचा खरा आरए ३० मायक्रॉनच्या वर जातो. टेस्टरवर मात्र त्याचा लहानसा हिस्सा दिसेल. कागद पास, भाग नापास.

२०२१ मध्ये मागे घेतलेल्या आयएसओ ४२८८ मध्ये कट-ऑफ कसा निवडायचा ते दिलेलं होतं: आरए ०.१ ते २ मायक्रॉनला ०.८ मिलिमीटर, २ ते १० ला २.५ मिलिमीटर, आणि १० ते ८० ला ८ मिलिमीटर. पण ८ मिलिमीटरच्या कट-ऑफला नेहमीच्या पाच लांबी धरल्या तर ४० मिलिमीटर सरळ जागा लागते. लहान, वळणदार भागावर ती मिळत नाही. म्हणून सीएमसीच्या भागांना ऑप्टिकल यंत्राने संपूर्ण क्षेत्राचा नकाशा काढून, लाट आणि खरखर वेगवेगळी मोजणं बरं. सगळ्यात खोल खळगा किती खोल हेही बघायचं, कारण लेप फुटायची सुरुवात सरासरीवर होत नाही, एखाद्या खळग्यावर होते. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर नुसता आरए लिहिला असेल तर काम घेण्याआधीच कट-ऑफ आणि मोजण्याची पद्धत लेखी विचारून घ्यावी. नंतरच्या वादापेक्षा हा एक ईमेल स्वस्त पडतो.

धूळ: दुर्लक्ष नको

सिलिकॉन कार्बाइडची आणि तुटलेल्या तंतूंची बारीक धूळ फुप्फुसात जाणं घातक आहे. फाउंड्रीच्या पट्ट्यात धुळीने माणसाचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. ग्राइंडिंग ओलंच करायचं, कूलंट गाळायचं, कोरडं घासावं लागलंच तर जागेवरच धूळ ओढून घेणारी व्यवस्था आणि योग्य मास्क हवा. हवेच्या नळीने कपडे झटकायची सवय पूर्ण बंद. ही धूळ मशीनच्या स्लाइडवेमध्ये गेली तर मशीनही खाते, म्हणून या कामाला मशीन वेगळं ठेवणं परवडतं.

आपल्याकडे याचा काय उपयोग?

सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंचे इंजिन-भाग आज मोठ्या प्रमाणात अमेरिकेत तयार होतात, आणि तंतूंचं तंत्र जपानकडून आलेलं आहे. भारतात या जातीच्या मालावर काम मुख्यतः हैदराबाद, बेंगळुरू, तिरुवनंतपुरम इथल्या सरकारी संशोधन संस्थांत चालतं. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने रॉकेटसाठी कार्बन-कार्बनचा हलका नोझल तयार केल्याचं जाहीर केलं. त्यावर ऑक्सिडीकरण रोखण्यासाठी सिलिकॉन कार्बाइडचाच लेप आहे.

विमान उद्योग मात्र आपल्या मराठी माणसांच्या गावांपर्यंत आधीच आलेला आहे. बेळगावजवळ हत्तरगीला एरोस्पेसचे धातूचे भाग होतात, वडोदऱ्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, हैदराबादेत इंजिनाच्या भागांची कामं चालतात. उद्या कोणी सिरॅमिकचं काम घेऊन आला, तर महागडं मशीन कोणाकडे आहे हे तो विचारेलच. पण टूल कधी ड्रेस केलं, भाग किती तास सुकवला, कट-ऑफ कुठला लावला, याची नोंद कोण ठेवतं हे तो आधी बघेल.

लहान कारखान्याला आजच करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. मेकॅनिकल सीलसाठी लागणाऱ्या साध्या सिलिकॉन कार्बाइडच्या रिंगा तुलनेने सहज मिळतात. त्यावर हिऱ्याच्या व्हीलचा हात बसवता येतो, कडा न उडवता खाच कशी घ्यायची हे शिकता येतं, आणि ग्राहकाच्या महागड्या भागावर प्रयोग करावा लागत नाही. एक ग्राइंडर, एक बंदिस्त कूलंट टाकी, गाळणी आणि प्रत्येक रिंगेची वही, एवढ्यावर सुरुवात होते. कामाची चौकशी आली तर मात्र तीन गोष्टी पहिल्याच भेटीत विचारायच्या: माझ्या व्हीलखाली पुट्टीचा थर येणार की तंतू? कापलेली जागा नंतर कोण आणि कशाने झाकणार? फिनिश कुठल्या यंत्राने, कुठल्या कट-ऑफने मोजणार? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय दर सांगू नये.